अ‍ॅल्युमिनियमच्या कागदाची चाळण

गेल्या महिन्यातील एका संध्याकाळी, दवाखान्यातील गर्दी ओसरल्यावर, एक तरुण आपल्या थोरल्या बहिणीला घेऊन आला आणि माझ्यासमोर त्याने वहीच्या पानाएवढा अ‍ॅल्युमिनियमचा कागद ठेवला. पोळ्या गुंडाळून ठेवण्यासाठी घरोघरी वापरतात, तोच. मी तो दिव्यासमोर धरला, तर त्याची पार चाळण झालेली. काही छिद्रे सुईच्या टोकाएवढी, काही ज्वारीच्या दाण्याएवढी, आणि जिथे छिद्र पडले नव्हते तिथेही देवीचे व्रण असावेत तसे खळगे.

"डॉक्टरकाका, हे आमच्या दुकानातल्या मशीनने अर्ध्या मिनिटात केलं," तो म्हणाला. तो एका सराफाकडे कामाला आहे. "दागिने धुवायचं मशीन. आत नुसतं साबणाचं पाणी असतं, बाकी सगळं काम आवाज करतो. ताईची सोनोग्राफी त्याच आवाजाने होते ना?"

ताई पाचव्या महिन्यात होती. अठरा ते बावीस आठवड्यांच्या दरम्यान बाळाची जी सविस्तर सोनोग्राफी करतात, तिची तारीख तिने दोनदा पुढे ढकलली होती. या दोघांना मी त्यांच्या गोवर-कांजिण्यांपासून ओळखतो. मुलगा अडाणी नाही, अफवा पसरवणाराही नाही. त्याने स्वतःच्या डोळ्यांनी एक प्रयोग पाहिला होता आणि त्यावरून एक रास्त प्रश्न विचारला होता. अशा प्रश्नाला "काही होत नाही हो" एवढे उत्तर देणे मला अपमानास्पद वाटते. म्हणून त्या संध्याकाळी त्या दोघांना जे सांगितले, तेच वाचकहो, आज आपल्यासमोर थोडे विस्ताराने मांडतो.

आपल्या कानाला सेकंदाला सुमारे २०,००० कंपनांपर्यंतचा ध्वनी ऐकू येतो. त्यापलीकडचा तो श्राव्यातीत ध्वनी. सराफाच्या दुकानातील यंत्र बहुधा सेकंदाला ४०,००० कंपनांवर चालते. टाकीच्या तळाला बाहेरून चिकटवलेल्या चकत्या तेवढ्या वेगाने थरथरतात आणि पाणी आळीपाळीने दाबले व ताणले जाते. दाबल्याने पाण्याचे फारसे काही बिघडत नाही. ताणले जाताना मात्र, जिथे हवेचा एखादा सूक्ष्म कण, धुळीची चीर किंवा भांड्याचा ओरखडा असेल, तिथे ते जणू फाटते आणि त्या जागी बुडबुडा जन्माला येतो. पुढच्याच क्षणी दाब परत येतो आणि तो बुडबुडा मिटतो. हे मिटणे म्हणजे साबणाच्या फुग्याचे हलके फुटणे नव्हे. चारही बाजूंचे पाणी आतल्या पोकळीवर तुटून पडते, आत अडकलेली वाफ व हवा क्षणार्धात इतकी दाबली जाते की तेवढ्या बिंदूपुरते तापमान हजारो अंशांवर जाते. या सर्व घडामोडीस शास्त्रज्ञ कॅव्हिटेशन म्हणतात. आपण बुडबुड्यांचा स्फोट म्हणू, जरी खरे पाहता तो आतल्या बाजूने होणारा स्फोट आहे.

बुडबुडा पाण्याच्या मधोमध मिटला तर त्याचा राग पाण्यातच विरतो. परंतु तो एखाद्या पृष्ठभागालगत असेल तर भिंतीच्या बाजूने पाणी आत येऊ शकत नाही, विरुद्ध बाजूने मात्र वेगाने घुसते. परिणामी बुडबुड्याच्या पाठीतून पाण्याची केसाहून बारीक धार आरपार निघून थेट भिंतीवर आदळते. तिचा वेग सेकंदाला १०० मीटरच्या घरात असू शकतो. एका धारेने काही होत नाही. पण सेकंदाला ४०,००० वेळा, असंख्य ठिकाणी, अशा टाचण्या टोचल्या जात असतील तर मिलिमीटरच्या शतांशाएवढ्या जाडीच्या कागदाने टिकाव कसा धरावा? पोलादालाही हे चुकत नाही. आरंभी पोलादाचा पृष्ठभाग मार सोसत नुसता कठीण होत जातो, वजन तसूभरही घटत नाही, आणि मग एके दिवशी थकलेले कण सुटू लागतात. धुण्याच्या जुन्या यंत्रांच्या तळाशी, बरोबर चकत्यांच्या वर, जे खरखरीत मळकट डाग दिसतात ते गंजाचे नसून या झिजेचे असतात. जहाजांच्या पंख्यांना पडणारे खळगे हे याचेच थोरले भावंड. ब्रिटिश नौदलाला त्यांनी इतके सतावले की १९१७ मध्ये लॉर्ड रॅले यांच्यासारख्या भौतिकशास्त्रज्ञाने बुडबुडा मिटताना किती दाब निर्माण होतो याचे गणित मांडले.

ही विध्वंसक शक्ती आवरून वापरली की तीच स्वच्छतेची शक्ती होते. माझ्या दवाखान्यात चिमटे व कात्र्या धुण्यासाठी असे एक छोटे यंत्र आहे. ब्रशचा केस पोहोचत नाही अशा बिजागरीतील वाळलेले रक्त ते काढते. यंत्र नीट काम करते की नाही हे तपासण्यासाठी आम्हीही अधूनमधून अ‍ॅल्युमिनियमचा कागदच पाण्यात धरतो. सगळीकडे सारखे खळगे उमटले तर यंत्र ठीक, एखादा पट्टा कोरा राहिला तर तिथली चकती मेली असे समजायचे. म्हणजे त्या मुलाने नकळत यंत्राची रीतसर परीक्षाच घेतली होती. मात्र या यंत्रातून निघालेले हत्यार स्वच्छ असते, निर्जंतुक नव्हे. त्यानंतर ते ऑटोक्लेव्हमध्ये वाफेच्या दाबाखाली १२१ अंशांवर जावेच लागते. घरी मधुमेह्याच्या पायाची जखम बांधणाऱ्यांनी यात गल्लत करू नये.

अलीकडे अशी यंत्रे घरगुती वापरासाठी स्वस्तात मिळतात, चष्म्यासाठी, कवळीसाठी, दागिन्यांसाठी. मीही हौसेने एक आणले होते. चष्मा लख्ख निघाला, त्या भरात आईची नथ आत सोडली. सोने झळाळून बाहेर आले, पण मोत्यांचे पाणी उतरले आणि एका मोत्याच्या छिद्राभोवतीचा पापुद्रा सुटला. मोती म्हणजे चुनखडीच्या अतिशय पातळ थरांची रचना. तीवर या टाचण्यांचा मारा करणे हा शुद्ध मूर्खपणा होता. आई काही बोलली नाही, हे अधिक लागले. याच मुलाने नंतर मला सुनावले की त्याच्या दुकानात मोती, पोवळे, पाचू, ओपल यांना त्या टाकीच्या जवळपासही फिरकू देत नाहीत. पाचूच्या अंगच्या चिरा बहुधा तेलाने भरलेल्या असतात, ते तेल निघून जाते आणि चिरा उघड्या पडतात. चष्म्याच्या काचेवर चकाकी घालवणारा लेप असेल आणि त्यावर ओरखडे असतील, तर त्या ओरखड्यांच्या कडेने लेपही सुटू शकतो. टाकीत स्पिरिट किंवा सॅनिटायझर कदापि ओतू नये, पाणी तापत जाते आणि त्याची वाफ पेट घेऊ शकते. आणि कवळी धुवायची ती तोंडाबाहेर काढून, हे लिहिण्याची गरज पडू नये. परंतु यंत्र चालू असताना त्यात बोटे घालून गुदगुल्या होतात का हे पाहणारी मुले मी पाहिली आहेत, म्हणून तेही सांगून ठेवतो.

शरीराच्या ज्या भागावर या ध्वनीचा प्रयोग सर्वांच्या परिचयाचा आहे, तो म्हणजे दात. दंतवैद्याचे किटण काढणारे यंत्र सेकंदाला २५,००० ते ४०,००० कंपनांवर चालते, आणि "डॉक्टर, त्याने दात झिजतात, हलायला लागतात" हे वाक्य मी आजवर किती वेळा ऐकले असेल याची गणती नाही. येथे काम मुख्यतः थरथरणारे टोक करते. ते किटणाचा कपचा उडवते. टोकाभोवतीच्या पाण्यातील बुडबुडे मदतीला असतात, सूत्रधार नसतात. निरोगी दाताचे एनॅमल हा शरीरातील सर्वांत कठीण पदार्थ आहे, तो त्या बुडबुड्यांना जुमानत नाही. मग दात मोकळे का वाटतात? हिरडी खाली सरकलेली असते, दातांमधील फटीत किटणाचे सिमेंट भरलेले असते, ते निघाले की फट प्रथमच जिभेला लागते. उघड्या पडलेल्या मुळाला चार दिवस थंड पाणी झोंबते. दोष सफाईचा नसून सफाई दहा वर्षे लांबवल्याचा असतो. मात्र छातीत पेसमेकर बसवलेला असेल तर खुर्चीत बसण्यापूर्वीच दंतवैद्यास सांगावे, कारण अशा यंत्रांचे काही जुने प्रकार चुंबकीय क्षेत्रावर चालतात. दातांत रोपण केलेले असेल तरीही सांगावे, म्हणजे टायटॅनियमवर धातूचे टोक ओरखडे काढणार नाही.

जाता जाता एक गंमत. अमेरिकेतील नेत्रशल्यचिकित्सक चार्ल्स केलमन यांना मोतीबिंदू लहानशा छिद्रातून काढण्याची कल्पना दंतवैद्याच्या खुर्चीत बसले असताना सुचली, याच यंत्रामुळे. १९६७ च्या सुमारास त्यांनी ती प्रत्यक्षात आणली. आपल्याकडे आजोबा अभिमानाने सांगतात की माझे ऑपरेशन लेसरने झाले. शंभरांतल्या बहुतेक आजोबांचा मोतीबिंदू प्रकाशाने नव्हे, याच ध्वनीने फोडलेला असतो. बुबुळाच्या आतल्या नाजूक पेशींना त्या थरथरीची झळ लागू नये म्हणून शल्यचिकित्सक डोळ्यात जेलसारखा दाट द्रव भरून घेतात.

आता मुतखड्याकडे येऊ, कारण त्या अ‍ॅल्युमिनियमच्या कागदाशी शरीरात सर्वांत जवळचे साम्य इथेच आढळते. शरीराबाहेरून ध्वनीचे धक्के देऊन खडा फोडण्याचा पहिला प्रयोग रुग्णावर झाला तो म्युनिकमध्ये, फेब्रुवारी १९८० मध्ये, क्रिश्चन शौसी व त्यांच्या सहकाऱ्यांच्या हातून. एका बैठकीत साधारण दोन-तीन हजार धक्के देतात. धक्का खड्याच्या आत शिरून त्याला तडे पाडतो, आणि त्याच्या मागोमाग येणाऱ्या ताणामुळे खड्याभोवतीच्या लघवीत बुडबुड्यांचा थवा उठतो. तो थवा मिटताना खड्याचा पृष्ठभाग खातो. तड्यांनी तुकडे होतात, झिजेने त्या तुकड्यांची वाळू होते. यातील एक बारकावा मला फार आवडतो. धक्के भराभर, मिनिटाला १२० दिले, तर काम लवकर आटोपेल असे कोणासही वाटेल. प्रत्यक्षात मिनिटाला ६० दिले तर खडा अधिक चांगला फुटतो. घाई केल्यास आधीच्या धक्क्याचे उरलेले बारीक बुडबुडे विरलेले नसतात, ते पुढच्या धक्क्याच्या वाटेत उभे राहून त्याची ताकद शोषून घेतात. तेव्हा आपल्या रुग्णाला टेबलावर अर्धा तास अधिक झोपवून ठेवले म्हणून तंत्रज्ञावर चिडू नये.

या धक्क्यांनी मूत्रपिंडालाही थोडा मार बसतो. एक-दोन दिवस लघवी लालसर होते, त्याने घाबरू नये. ती थांबली नाही, थंडी वाजून ताप आला किंवा लघवी अडली, तर मात्र त्याच रात्री रुग्णालय गाठावे. रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर आधीच सांगाव्यात, मनाने बंद करू नयेत. आणि गरोदरपणी हा उपचार करीत नाहीत. या शेवटच्या वाक्यावर ताईने भावाकडे पाहिले, भावाने माझ्याकडे पाहिले, जणू मी स्वतःच्याच तोंडाने कबुली दिली होती.

त्यांची शंका किती जुनी आहे ते मग मी सांगितले. पहिल्या महायुद्धात पाणबुड्यांचा माग काढण्यासाठी फ्रान्समध्ये पॉल लांजव्हां यांनी पाण्यात शक्तिशाली श्राव्यातीत ध्वनी सोडला, तेव्हा त्या झोतात सापडलेले मासे मेले आणि पाण्यात हात घातला की वेदना होऊ लागल्या. म्हणजे वैद्यकाने हा ध्वनी हाती घेतला तो त्याचे दात पाहूनच. ग्लासगोचे इयान डोनल्ड यांनी धातूतील चिरा शोधण्याचे कारखान्यातील यंत्र रुग्णांच्या पोटावर फिरवून १९५८ मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. किती ध्वनी निरुपद्रवी आणि किती अपायकारक, हा प्रश्न तेव्हापासून आजतागायत कोणी बाजूला टाकलेला नाही.

मग फरक कशात? पहिला फरक कंपनांच्या वेगात. सराफाचे यंत्र सेकंदाला ४०,००० कंपने करते, पोटावरची सोनोग्राफी सेकंदाला २० ते ५० लाख. बुडबुडा वाढायला वेळ लागतो. ४०,००० कंपनांत पाणी ताणलेले राहते सेकंदाच्या साडेबारा दशलक्षांश भागापर्यंत. तेवढ्यात बुडबुडा मिलिमीटरच्या दशांशाएवढा फुगू शकतो. ३५ लाख कंपनांत हा अवधी जवळजवळ नव्वदपटीने घटतो. बुडबुडा डोके वर काढतो न काढतो तोच दाब परततो.

दुसरा फरक मला अधिक महत्त्वाचा वाटतो. धुण्याचे यंत्र अखंड गरजत असते. सोनोग्राफीचे यंत्र मात्र बहुतांश वेळ गप्प बसून ऐकते. ते जेमतेम एका मायक्रोसेकंदाची, म्हणजे सेकंदाच्या दशलक्षांश भागाची, एक टिचकी मारते आणि प्रतिध्वनीची वाट पाहते. शरीरात ध्वनी सेकंदाला सुमारे १,५४० मीटर जातो. पंधरा सेंटिमीटर खोल जाऊन परत यायला त्याला जवळजवळ २०० मायक्रोसेकंद लागतात. म्हणजे एक क्षण बोलणे आणि दोनशे क्षण ऐकणे. आमच्यापैकी काही डॉक्टरांनी हे प्रमाण अंगी बाणवायला हरकत नाही.

तिसरी गोष्ट बीजाची. बुडबुड्याला जन्मण्यासाठी हवेचा कण लागतो. नळाच्या पाण्यात तो मुबलक असतो. गर्भाशयातील बाळाच्या फुप्फुसात हवा नसते, तिथे द्रव भरलेला असतो. गर्भजलातही मोकळे बुडबुडे नसतात. प्राण्यांवरील प्रयोगांत, तीव्र मात्रेत, जन्मानंतर हवेने भरलेल्या फुप्फुसाच्या पृष्ठभागावर बारीक रक्तस्राव झाल्याचे आढळले आहे. त्यातूनच कळते की हवा हीच या खेळातील ठिणगी आहे.

आणि यावर भरवसा ठेवून कोणी डोळे मिटलेले नाहीत. यंत्राच्या पडद्याच्या कोपऱ्यात 'एमआय' ही दोन अक्षरे आणि त्यापुढे एक आकडा सतत दिसत असतो. कॅव्हिटेशनची शक्यता किती, याचा तो निर्देशांक. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने त्याची कमाल मर्यादा १.९ ठेवली आहे. शेजारी 'टीआय' असतो, तो ऊब किती निर्माण होईल याचा. खरे सांगायचे तर गर्भाबाबत डॉक्टर लक्ष ठेवतात ते बुडबुड्यांपेक्षा या उबेवर, विशेषतः पहिल्या तीन महिन्यांत रक्तप्रवाह ऐकण्याचे डॉपलर वापरताना. म्हणून नियम एवढाच की आवश्यक तेवढी माहिती मिळेल इतकाच ध्वनी, इतकाच वेळ. हौस म्हणून, बाळाचा चेहरा पाहायचा म्हणून पुनःपुन्हा सोनोग्राफी करून घेऊ नये. वैद्यकीय कारणासाठी चुकवू नये. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ च्या शिफारशींत चोवीस आठवड्यांपूर्वी प्रत्येक गर्भवतीची किमान एक सोनोग्राफी व्हावी असे म्हटले आहे, ते उगाच नव्हे. बाळाच्या हृदयाचे चार कप्पे, पाठीचा कणा, वारेची जागा, या गोष्टी हात लावून कळत नाहीत. आम्ही पूर्वी पोट चाचपून अंदाज बांधत असू. ते अंदाज किती वेळा चुकले, हे त्या काळच्या आयांना ठाऊक आहे.

मुलगा शेवटपर्यंत शांतपणे ऐकत होता. मग त्याने आणखी एक काढलेच, "पण काका, आमच्या गल्लीतल्या पार्लरात 'कॅव्हिटेशनने पोट कमी करा' अशी पाटी आहे. तिथे काय होतं?" मी मनातल्या मनात कपाळावर हात मारला. त्या यंत्रांवरही बहुधा ४०,००० कंपनांचाच आकडा असतो, आणि त्याने चरबीच्या पेशी फुटतात असा दावा असतो. कमरेचा घेर काही काळ थोडा कमी भासेल, वजन घटत नाही, मधुमेह सुधारत नाही. फुटलेल्या चरबीची विल्हेवाट शेवटी शरीरालाच लावायची असते. गरोदर स्त्री, पेसमेकरचा रुग्ण, यकृताचा आजार असलेली व्यक्ती यांनी तर त्या पाटीखालून जाऊच नये. पेशी बुडबुड्यांनी फोडण्याचे खरे वैद्यकही आता आकारास आले आहे. यकृतातील गाठी अशा रीतीने नष्ट करण्याच्या उपचारास अमेरिकेत २०२३ मध्ये मान्यता मिळाली. पण तिथे झोत कुठे पडतो आहे हे क्षणोक्षणी पडद्यावर पाहणारा तज्ज्ञ बसलेला असतो. कोणता ध्वनी, किती तीव्र, किती वेळ, कोणाच्या हातात, हे न विचारता सर्वांना एकच नाव दिले की अशी फसगत होते, एकीकडे भीतीची आणि दुसरीकडे पैशांची.

ताईने एवढा वेळ एकच प्रश्न विचारला. "काका, तुमच्या सुनेची केली होती?" केली होती, दोन वेळा वैद्यकीय कारणाने आणि तिसऱ्यांदा मुलाच्या हट्टाने. तिसऱ्या वेळेस मी मुलाला रागावलो होतो, हेही सांगितले.

तिसऱ्या दिवशी तिची सोनोग्राफी झाली. बाळ व्यवस्थित आहे. वार मात्र बरीच खाली, गर्भाशयाच्या मुखाला टेकलेली आढळली. या महिन्यात असे दिसले तरी पुढे गर्भाशय वाढत जाते तशी ती बहुतेकींच्या बाबतीत वर सरकते. परंतु सरकली की नाही हे पाहिल्याशिवाय प्रसूतीचे ठरवता येत नाही, आणि तोवर थोडासाही रक्तस्राव झाला तर वाट न पाहता रुग्णालयात जायचे असते. सासर आडगावी असल्याने तिने आणखी काही दिवस माहेरीच राहावे, असे आम्ही सर्वांनी मिळून ठरवले. बत्तिसाव्या आठवड्यातील फेरतपासणीची तारीख भावाने माझ्याच टेबलावरच्या कॅलेंडरवर लिहून घेतली, आणि जाताना विचारले की तो कागद परत हवा आहे का. मी ठेवून घेतला आहे.